आधी लेख की आधी पुस्तक?

(तंत्रज्ञानाविषयी मराठीत लिहिणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला दिलेला विषय 'तंत्रज्ञानावरचं स्वयंसेवी लेखन' असा मोठा आहे. पण सकाळपासून तुमच्याशी बोलताना एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकला, म्हणून मी तेवढ्यावरच बोलतो. आपण नोकरी, कॉलेज, घर सांभाळून रात्री ब्लॉगवर लेख लिहितो. कुणी मोबाइलवर, कुणी संगणकावर, कुणी सरकारी अर्ज कसे भरायचे यावर. त्याचे पैसे मिळत नाहीत आणि आपण ते मागतही नाही. आता काही जण म्हणतात, लेख पुष्कळ झाले, पुस्तक लिहा. हाताशी तास तेवढेच आहेत. मग ते कशाला द्यायचे?

हाच प्रश्न आपल्या घरांत दुसऱ्या भाषेत येतो. "ब्लॉग तो कोई भी लिखता, किताब कब आ रही?" मामू विचारतात, खाला विचारते. त्यांचं चुकतं असं नाही. आपल्याकडे किताबीला मान आहे. ती वरच्या फळीवर जाते, चुकून पाय लागला तर आपण ती उचलून कपाळाला लावतो. मोबाइलवरच्या लेखाला कपाळाला लावलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

पण मान हा आपला निकष असू नये, असं मला वाटतं. दोन साधे प्रश्न विचारावेत. आपण लिहितो आहोत ते किती दिवस खरं राहणार? आणि ज्याला ते लागणार आहे, त्याला ते कधी लागणार?

एक उदाहरण घेऊ. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर तक्रार देण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ साली १५५२६० हा क्रमांक सुरू केला. पुढच्याच वर्षी त्याच्या जागी १९३० आला. समजा २०२१च्या अखेरीस कुणी चांगलं, मेहनतीने लिहिलेलं पुस्तक छापलं आणि त्यात जुना क्रमांक ठळक अक्षरांत दिला. ते पुस्तक आजही एखाद्या वाचनालयात असेल. फसवणुकीत पहिला तास सगळ्यात मोलाचा असतो, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात सरकायच्या आत बँकेला कळलं तरच ते अडवता येतात. त्या तासात ज्याच्या हाती ते पान पडेल, त्याच्या काय उपयोगाचं? हीच माहिती लेखात असती तर आपण ती दहा मिनिटांत बदलली असती.

आता त्याच विषयाची दुसरी बाजू बघा. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन करणारा माणूस पैसे देत असतो, घेत नसतो. "पैसे पाठवतोय, पिन टाका" असं कुणी म्हणालं तर तो माणूस खोटं बोलतोय, मग तो स्वतःला बँकेचा म्हणवो, लष्करातला म्हणवो की दूरचा नातेवाईक. ॲपची बटणं बदलली, रंग बदलला, नवीन ॲप आलं, तरी हे वाक्य तसंच राहतं. ते पुस्तकात जायला हवं, कारण ते वेळ हातात असताना, शांतपणे, समजून घेण्यासारखं आहे. घाबरलेला माणूस पुस्तक उघडत नाही, तो फोनवर शोधतो. घाबरायची वेळ येऊ नये म्हणून आधी वाचायचं असतं ते पुस्तक.

तेव्हा माझं म्हणणं एका ओळीत असं आहे: जे बदलतं ते लेखात लिहा, जे टिकतं ते पुस्तकासाठी राखा, आणि दोन्ही एकाच कष्टातून काढा.

आणखी एक उदाहरण देतो, कारण तुमच्यापैकी निम्म्या जणांना याच विषयावर फोन येतात. शिष्यवृत्ती. महाडीबीटीवर अर्ज कुठे भरायचा, शेवटची तारीख कोणती, कोणती फाइल किती केबीची हवी, हे दरवर्षी बदलतं. तो लेख. पण अर्ज मंजूर होऊनही पैसे आले नाहीत, किंवा भलत्याच खात्यात गेले, हे का घडतं? बँकेत आधार कार्डाची प्रत दिलेली असणं ही एक गोष्ट आणि सरकारी रक्कम येण्यासाठी ते खातं एनपीसीआयच्या यादीत आधारशी जोडलेलं असणं ही दुसरी. त्या यादीत एका आधार क्रमांकाला एका वेळी एकच खातं असतं, सगळ्यात शेवटी जोडलेलं. मुलीने कॉलेजच्या गावी नवीन खातं काढताना आधार जोडायला संमती दिली, की आधार क्रमांकावर येणारी रक्कम तिकडे जाते आणि अब्बू गावच्या पासबुकात शोधत बसतात. ही यंत्रणा समजली की माणूस शिष्यवृत्तीच नाही, गॅसचं अनुदान, पेन्शन, सगळं स्वतः शोधून काढू शकतो. असं प्रकरण कुणी मराठीत नीट लिहिलं तर सायबर कॅफेवाल्याला दरवेळी पन्नास रुपये मोजावे लागणार नाहीत.

जगात हे काम कसं झालं आहे, तेही बघू. अमेरिकेतल्या ॲलन डाउनी या प्राध्यापकांची गोष्ट घ्या. १९९९च्या जानेवारीत त्यांना जावा शिकवायची होती आणि बाजारातली पाठ्यपुस्तकं त्यांना फार जाडजूड वाटत होती. वर्ग सुरू व्हायला दोन आठवडे होते. त्यांनी रोज एक प्रकरण असं तेरा दिवसांत पुस्तक लिहून काढलं. पहिला खर्डा ओबडधोबड होता, पण मुलं ते वाचून वर्गात येऊ लागली. पुढे त्यांनी ते खुल्या परवान्याखाली ठेवलं, म्हणजे कुणीही प्रत काढावी, बदल करावा. व्हर्जिनियातले शाळाशिक्षक जेफ एल्कनर यांना ते मिळालं. त्यांनी ते जावाऐवजी पायथन या भाषेसाठी बदलून घेतलं आणि मूळ लेखकाला पाठवलं. डाउनी स्वतः पायथन शिकले ते आपल्याच पुस्तकाचं हे रूपांतर वाचून! त्यातून पुढे जे पुस्तक उभं राहिलं ते आज 'थिंक पायथन' म्हणून जगभर वाचलं जातं. त्याच्या मुळाशी वर्गातल्या मुलांची गरज होती, जवळ आलेली तारीख होती आणि दुसऱ्याला हात घालू देण्याची तयारी होती.

दुसरं उदाहरण 'प्रो गिट' या पुस्तकाचं. स्कॉट चेकन यांनी ते लिहिलं, २००९ साली आलं. २०१४ साली बेन स्ट्रॉब यांच्याबरोबर दुसरी आवृत्ती आली. ते दुकानात विकतही मिळतं आणि संपूर्ण पुस्तक इंटरनेटवर फुकटही वाचता येतं. खुलं असल्यामुळे जगभरातल्या स्वयंसेवकांनी ते आपापल्या भाषांत नेलं. अल स्वाइगार्ट यांचं 'ऑटोमेट द बोरिंग स्टफ विथ पायथन' हेही तसंच, २०१५ला पहिली आवृत्ती, २०१९ला दुसरी, आणि मजकूर खुला. तारखांकडे लक्ष द्या. पाच-पाच, चार-चार वर्षांनी आवृत्ती नवी करावी लागली आहे. पुस्तक एकदा लिहून सुटका होते, ही समजूत तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात तरी खोटी आहे.

जोएल स्पोल्स्की यांनी तिसरा मार्ग घेतला. ते सॉफ्टवेअर बनवण्याविषयी ब्लॉग लिहीत. त्या लेखांचं पुस्तक २००४ साली आलं आणि लोकांनी विकत घेऊन वाचलं, लेख फुकट उपलब्ध असताना. कारण ते लेख कुठलं बटण कुठे आहे याबद्दल नव्हते. माणसं एकत्र येऊन काम कसं करतात, कुठे अडतात, याबद्दल होते.

आणि चौथा मार्ग मला आपल्यासाठी सगळ्यात जवळचा वाटतो. कॅनडातल्या ज्युलिया एव्हान्स ब्लॉगही लिहितात आणि छोट्या पुस्तिकाही काढतात. हाताने काढलेली चित्रं, थोडी पानं, एक विषय. मराठीत हा प्रकार नवा नाही. आपल्याकडच्या चळवळी पुस्तिकांवरच वाढल्या. सभेला आलेला माणूस जाताना खिशात घालून नेईल, एसटीत वाचून संपवेल, शेजाऱ्याला देईल, एवढीच तिची जाडी. लेख आणि पुस्तक यांच्यामध्ये ही एक पायरी आहे हे आपण विसरलो आहोत.

आपला वारसाही याच बाजूने बोलतो. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केलं, मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. १८४० साली 'दिग्दर्शन' मासिक काढलं, आणि त्याच काळात ते गणित-भूगोलाची पाठ्यपुस्तकंही लिहीत होते. सर सय्यद अहमद खान यांनी १८६४ साली गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी स्थापन केली, ज्ञानविज्ञानाची पुस्तकं उर्दूत आणण्यासाठी. दोनच वर्षांत, १८६६ला, तिचं गॅझेट निघालं, तेही उर्दू आणि इंग्रजी असं दुभाषी. आपलं हे मासिक दोन भाषांत निघतं तेव्हा ते या रांगेत बसतं. या दोघांनीही नियतकालिक की पुस्तक असा वाद घातला नाही. नियतकालिकाने वाचक जमवला, पुस्तकाने त्याला पुढे नेलं.

हमीद दलवाईंचं उदाहरण तर घरचं आहे. त्यांनी वृत्तपत्रांत लिहिलं, सभांतून बोलले, १९६६ला मोर्चा काढला, १९७०ला मंडळ स्थापन केलं. १९७७ला ते गेले तेव्हा पंचेचाळिशीही गाठलेली नव्हती. आज विशीतल्या मुलामुलींना ते भेटतात ते कुठे? 'इंधन' कादंबरीत, 'लाट'मधल्या कथांत, पुस्तकरूपात आलेल्या त्यांच्या वैचारिक लेखनात. त्या काळातली वर्तमानपत्रं आता संग्रहालयात जाऊन शोधावी लागतात.

इंटरनेटवरचं लेखन तर त्याहून लवकर हरवतं. जिओसिटीज २००९ साली बंद झालं, ऑर्कुट २०१४ साली. त्यावर लिहिणाऱ्यांचं पुष्कळ लेखन त्यांच्याबरोबर गेलं. छापील पुस्तकाचं तसं होत नाही. १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकाला पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या इतर ग्रंथालयांना पाठवावी लागते, त्यात मुंबईचंही आहे. मालेगावच्या किंवा मिरजेच्या मुलीने लिहिलेली पुस्तिका कोलकात्याच्या फळीवर जाऊन बसते, तिच्या नावानिशी. आपल्या मुलांनी मराठीत विज्ञान आणि तंत्रज्ञान लिहिलं, याची ती नोंद असते. आपण मराठी नाही असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा ही नोंद मला जास्त मोलाची वाटते.

आता वेळेच्या हिशोबाकडे येऊ. माझ्याकडे आठवड्याला सहा तास असतात. रात्री जेवणं झाल्यावर दोन दिवस, आणि रविवारी सकाळी. रमजानमध्ये तेही अर्ध्यावर येतात. हजार शब्दांचा एक तंत्रलेख मला साधारण पाच तास घेतो. त्यातले लिहिण्याचे दोनच. बाकीचे तीन करून बघण्याचे. अर्ज खरोखर भरून पाहायचा, दुसऱ्या कंपनीच्या फोनवर पाहायचा, पडद्याची चित्रं घ्यायची, त्यातला नाव-नंबर झाकायचा. उरलेल्या एका तासात मी एकच काम करतो. त्या लेखातली न बदलणारी दोन-तीन वाक्यं उचलून वेगळ्या वहीत ठेवतो, आणि त्या लेखावर वाचकांनी विचारलेले प्रश्नही तिथेच लिहितो. ही वही म्हणजे पुस्तकाचं बी. वर्षभरात पंधरा लेख झाले तर पन्नास-साठ प्रश्न जमतात. त्यातला जो प्रश्न सहा वेळा आला, ते प्रकरण.

हा क्रम उलटा केला तर काय होतं तेही पाहिलं आहे. आपल्यातले चांगले लिहिणारे "पुस्तक लिहितोय" म्हणून दोन वर्षं लेख थांबवतात. तेवढ्यात वाचक दुसरीकडे जातो, बहुतेक वेळा अर्धवट माहितीच्या एखाद्या व्हिडिओकडे. शिवाय लिहिणाऱ्याचा वाचकाशी संबंध तुटला की पुस्तक हळूहळू इंग्रजी पुस्तकाची सावली होऊ लागतं. खालाला काय अडतं हे त्याला आता ऐकू येत नसतं. दुसऱ्या बाजूला, जो फक्त लेखच लिहीत राहतो तो दरवर्षी तेच सांगत राहतो आणि एक दिवस कंटाळून सोडून देतो. स्वयंसेवी काम पैशाअभावी कमी वेळा बंद पडतं, कंटाळ्याने जास्त.

लेख एकापुढे एक चिकटवले की पुस्तक होतं, असं मात्र समजू नका. तीन कामं वेगळी करावी लागतात.

पहिलं, क्रम. ब्लॉगवर वाचक कुठूनही येतो, म्हणून प्रत्येक लेखात आपण ओटीपी म्हणजे काय ते पुन्हा सांगतो. पुस्तकात ते एकदाच, आणि योग्य जागी.

दुसरं, शब्द. एका लेखात 'पासवर्ड', दुसऱ्यात 'परवलीचा शब्द', तिसऱ्यात 'संकेतशब्द' असं पुस्तकात चालत नाही. सुरुवातीलाच यादी करा. आणि लोक बोलतात तोच शब्द ठेवा. आपल्या घरांत दखनी बोलतात, शाळेत मराठी शिकतात, फोन इंग्रजीत असतो. या तिन्हींत पाय असलेल्या वाचकाला 'पासवर्ड' कळतो.

तिसरं, अक्षरं. आपण ब्लॉगवर युनिकोडमध्ये लिहितो. अनेक छापखाने अजून जुन्या फाँटांवर काम करतात. मजकूर एकातून दुसऱ्यात नेला की जोडाक्षरं फुटतात, 'दुसऱ्या'तला अर्धा र भलतीकडे जातो. म्हणून युनिकोडमध्ये मांडणी करणारा माणूस आधी शोधा, किंवा रूपांतरानंतर पूर्ण मुद्रितशोधनाचे दिवस हिशोबात धरा. पानं सोळाच्या पटीत ठेवा, कारण छपाई फॉर्मच्या हिशोबाने होते. अठ्ठेचाळीस पानं म्हणजे तीन फॉर्म. आयएसबीएन क्रमांक आपल्याकडे सरकारकडून मोफत मिळतो, त्यासाठी मध्यस्थाला पैसे देऊ नका.

आणि एक गोष्ट पैशापेक्षा नाजूक आहे. नाव. ब्लॉगवर पाच जण मिळून लिहितात, कुणी चित्रं घेतं, कुणी शुद्धलेखन बघतं, कुणी फोनवर प्रश्न ऐकून घेतं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात्र एक नाव येतं, आणि ते बहुधा मुलाचं असतं. या शिबिरात मुली जास्त आहेत. त्यांच्यापैकी अनेकींना लिहायला घरातला फोन रात्री अकरानंतर मिळतो. त्यांचं काम आभाराच्या पानावर ढकलू नका. कोणाचं नाव कुठे येणार हे पहिलं पान लिहिण्याआधी ठरवा आणि कागदावर ठेवा. मैत्री टिकवायचा हाच मार्ग आहे.

शेवटी या वर्षासाठी एक प्रस्ताव ठेवतो. तिघा-तिघांचे गट करा. प्रत्येक गटाने एकच विषय घ्यावा: शिष्यवृत्तीचे पैसे, ऑनलाइन फसवणूक, मुलींच्या फोनची सुरक्षितता, जे जमेल ते. महिन्याला एक लेख. प्रत्येक लेखाच्या डोक्यावर शेवटी तपासल्याची तारीख. सहा महिन्यांनी जुने लेख पुन्हा तपासायचे. जो खोटा ठरला तो दुरुस्त करायचा किंवा काढून टाकायचा. बाराव्या महिन्यात वही उघडायची आणि त्यातून अठ्ठेचाळीस पानांची पुस्तिका काढायची, खुल्या परवान्याखाली, म्हणजे उर्दूत, हिंदीत कुणाला न्यायची असेल तर त्याला विचारत बसावं लागणार नाही. मागच्या पानावर ब्लॉगचा पत्ता द्यायचा आणि लिहायचं: क्रमांक, तारखा आणि पत्ते बदलतात, ते इथे पाहा.

मग मामूंनी विचारलं की त्यांच्या हातात पुस्तिका द्या. आणि रात्री साडेअकराला खालाचा फोन आला, "पैसे कट गए, क्या करूँ?" तर तिला दुरुस्त केलेला लेख पाठवा. त्याआधी मात्र १९३० लावायला सांगा.

आता तुमचे प्रश्न घेतो.